सोडवून न्यायचं राहिलं

कापसाला भाव आला त्या सालापासून खुशालरावाच्या ओसरीवर माणसांची ये-जा वाढली, आणि येणारा जो तो बोटाला धरून एक पोरगा आणू लागला. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई पेटली होती म्हणे. तिकडचा कापूस बंद पडला, आणि अंजनगावच्या अलीकडं शहानूरच्या काठाचं खुशालरावाचं काळं वावर साऱ्या भाऊबंदांना एकदम दिसायला लागलं. आधी दिसत नव्हतं असं नाही. पण त्या वावराला वारस नाही म्हणून तेव्हा कुणाची झोप उडत नव्हती. सुभद्रेची कूस उजवली नाही म्हणून लग्नाकार्यात तिला मागच्या ओळीत बसवणारे हेच लोक. आता तेच पोराला तेल चोपडून, काजळ घालून, घरातला एकच धड सदरा अंगात चढवून आणत होते. पोरगा किती गुणी, किती थोडकं खातो, बैलाच्या पायात कसा बिनधास्त शिरतो, सगळं सांगत. दात तेवढे दाखवायचे राहायचे. सुभद्रा गूळपाणी द्यायची, पोराच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि पाठवून द्यायची. तिचं मन दुसरीकडं गुंतलं होतं.

नदीपलीकडच्या गावात खुशालरावाचा चुलतभाऊ पुंजाराम राहायचा. त्याच्या घरच्या एका लग्नात पंगती उठल्यावर सुभद्रा भिंतीला टेकून बसली होती. तेव्हा त्याचा धाकटा पोरगा, उकंडा, हातात पुरीचा तुकडा घेऊन आला, तिच्या मांडीवर बसला, तुकडा खाल्ला, तुपकट बोटं तिच्याच पदराला पुसली आणि झोपून गेला. झालं एवढंच. त्याला कुणी आणून बसवलं नव्हतं. बाकीची पोरं आणलेली होती, हा आपला आला होता. सुभद्रेसारखी शहाणी बाई एवढ्यावर येडी झाली. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं की घ्यायचा तर तोच, नाहीतर वावर देवळाला देऊन टाका. खुशालराव तापट होता, पण बायकोच्या अशा आवाजापुढं त्याचं काही चालत नसे.

पुंजारामाचे वरचे दोघे, पहिल्या बायकोचे, नांगर धरण्याजोगे झाले होते, त्यामुळं धाकटा द्यायला त्याची ना नव्हती. पण आज देतो, उद्या देतो. आधी म्हणाला, देवी येऊन जाऊ द्या, देवी येऊन गेल्याशिवाय लेकरू आपलं म्हणता येत नाही. देवी आल्या, उकंड्याच्या नाकावर वण ठेवून गेल्या. मग पुंजारामाची आई वारली. वर्षश्राद्धाआधी कार्य नको. मग पाऊस, मग पेरणी, मग डवरणी. सुभद्रा दर खेपेला बरं म्हणायची. पौषात बहिरमच्या जत्रेला जायची, बहिरमबुवाच्या पायरीवर डोकं ठेवायची, आणि घरी येऊन जात्यावर बसली की दात आवळून दळायची. बायका म्हणायच्या, काय बाप्पा धीर आहे सुभद्राबाईचा. कसला धीर! बाई पाण्याला निघाली की घागर विसरायची आणि भाकर थापली की चूल पेटवायला विसरायची.

एक गोष्ट तिला फार खुपत होती. उकंड्याची आई माणिकबाई पोराला कधी जवळ घेत नसे. तो पडला, रडला, तरी दुरून म्हणायची, ऊठ. तोही तिला माय म्हणत नसे, काकू म्हणायचा. आणि दत्तकाची गोष्ट निघाली की बाप टाळाटाळ करायचा, आई मात्र उलट घाई करायची. घेऊन जा जाऊबाई, जितक्या लवकर न्याल तितकं बरं, असं म्हणायची आणि तोंड फिरवायची. सुभद्रेला वाटायचं, बाई आहे का गोटा. आपल्याला देवानं दिलं नाही, अन् हिला दिलं तर हिला किंमत नाही.

अखेर वेचणीच्या तोंडाशी दिवस ठरला. अंजनगावाहून मोरोपंत जोशी आले, गावचे पाटील महादेवराव आले, भाऊबंद खुशालरावाच्या ओसरीवर बसले. परातीत साखर भरून ठेवली होती. सुभद्रा नवं लुगडं नेसून, ओटी पसरून पाटावर बसली. पुंजारामानं पोराला उचललं, आणि तेवढ्यात खांबाला टेकलेल्या गोवर्धननं घसा खाकरला. हा गोवर्धन खुशालरावाचा दुसरा चुलतभाऊ, शेजारच्याच गल्लीतला. त्याच्या मधल्या पोराला तीनदा गूळपाणी मिळालं होतं, पुढं काही मिळालं नव्हतं.

"पुंजाराम देऊन राहिला, पन पोट्टा पुंजारामाचा हाये का?" गोवर्धन म्हणाला.

गोवर्धननं सावकाश, गोड आवाजात सगळं काढलं. माणिकबाईची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तसा सुइणीनं त्याला उकंड्यावर, उकिरड्यावर, नेऊन ठेवला; नावही त्यावरूनच पडलं. नको असलेलं, केरात टाकलेलं लेकरू. मृत्यूची नजर त्याच्याकडं कशाला वळेल? तिथून माळ्याच्या तानुबाईनं उचलला आणि आपला म्हणून घरी नेला. असं आपल्याकडं सगळेच करतात. पण मग सूपभर ज्वारी आणि एक खण देऊन आईनं लेकरू सोडवून आणायचं असतं. माणिकबाईनं पोरगा घरी आणला खरा, सूप मात्र नेलंच नाही. येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला नेऊ, पुढच्या आखाजीला नेऊ, असं करत राहून गेलं. तेव्हा पोरगा अजून तानुबाईचाच आहे, आणि दुसऱ्याचा पोरगा पुंजारामानं कसा द्यावा, एवढंच आपलं म्हणणं. आपल्याला काही नाही.

मोरोपंतांनी मान हलवली, असं शास्त्रात नाही म्हणाले, पण जातीच्या रिवाजात आपण बोलणार नाही असंही म्हणाले. महादेवराव पाटलांनी मिशीवरून हात फिरवत निवाडा केला की ज्याचं लेकरू त्यानं द्यावं. आधी सोडवा, मग ओटीत घाला. आजच करून टाका.

दाराआडून माणिकबाईचा आवाज आला. ती नाही म्हणाली. पुंजाराम आत गेला, दबक्या आवाजात रागावला, तरी ती नाहीच म्हणाली. साखर परातीत तशीच राहिली, मुंग्या लागल्या. पाहुणे जेवून गेले. सुभद्रा पाटावरून उठली तेव्हा तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तिला धरायला गोवर्धनची बायको पुढं आली, याचंच तिला जास्त लागलं.

खुशालराव दुसऱ्या दिवशी बैलांना पाणी दाखवताना बोलला. कापसाचे हे दिवस काही कायमचे राहायचे नाहीत. साहेबाची माणसं वावरं मोजत फिरताहेत, कुणाचं वावर, मागं कोण, विचारताहेत. भाऊबंद हसताहेत. वेचणी सरेपर्यंत वाट पाहीन, तोवर झालं नाही तर गोवर्धनचा पोरगा घेईन. सुभद्रा शेणाचे हात तसेच ठेवून ऐकत राहिली. तिला नवऱ्याचा राग आला नाही. तो खोटं काही बोलत नव्हता.

ती नदी उतरून माणिकबाईकडं गेली. माणिकबाई अंगणात तुरी पाखडत होती. सुभद्रेनं सरळ विचारलं, काहून नाही म्हणते? माणिकबाई पाखडतच राहिली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "म्या दोन लेकरं माह्या हातानं पुरले, जाऊबाई. ज्याले ज्याले मी माहा म्हटलं, तो गेला. याले नाही म्हटलं, तर हा राहिला. आता सोडवून आनू अन् मारू काय?"

सुभद्रा जिला गोटा गोटा म्हणत होती ती बाई इतके दिवस पोराकडं न बघता, पोराला न शिवता, दुरून त्याची राखण करत होती. सुभद्रेला आपलीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ओढ कमी होत नाही. तिनं माणिकबाईचा हात धरला आणि मनात होतं ते सांगून टाकलं. एक घडी तुझा म्हण, लगेच माझ्या ओटीत टाक. तुझ्याकडं तो थांबणारच नाही, मग कुणाची नजर पडेल? पुढं काय वाईट व्हायचं ते माझ्या नशिबात होईल. माणिकबाईनं मान डोलावली.

राहिली तानुबाई. ती याच वेचणीला नदी उतरून सुभद्रेच्या वावरात येत होती. त्या सालात वेचणाऱ्या बायांचा काय तोरा! कापूस बोंडाबाहेर लोंबतोय आणि माणूस मिळत नाही, तर मालकिणीनंच त्यांच्या दारी जाऊन आर्जवं करावी. सकाळी दहिवरात, पात्या ओल्या आहेत तोवर वेचलं म्हणजे कापसाला कचरा लागत नाही, म्हणून उजाडताच सगळ्या ओळीनं लागायच्या. थंडीनं बोटं आखडायची, वाळल्या बोंडाची टोकं नखात घुसायची. सुभद्रा मुद्दाम तानुबाईच्या शेजारची ओळ धरून वेचू लागली. मालकीण शेजारी आली तशा बाकीच्या बाया बोलायच्या थांबल्या.

सुभद्रेनं हळूच विषय काढला. तानुबाई हात न थांबवता ऐकत होती. मग म्हणाली, "दर आखाजीले मी आंगन सारवून बसत होती. सूप घेऊन येतीन मनून. कोनी आलं नाही. कोनी इचारलं बी नाही का बाई, तुह्यापाशी आमचं काई राह्यलं काय."

सुभद्रा म्हणाली, मी विचारायला आले. तानुबाईनं पहिल्यांदा मान वर केली. आपलं बाळ गेल्यावर दुसऱ्या महिन्यात ते उकंड्यावरचं उचललं होतं, असं तिनं सांगितलं. चार पावलं नेलं, दाराशी पाजलं आणि परत दिलं. तेवढंच. पण वाटेनं जाता-येता तो अजून तिला माय म्हणून हाक मारतो, घरचे तसंच शिकवतात म्हणून. सूप आलं की ते बंद होईल. "होऊ द्या," ती म्हणाली. "पन माह्या दारी येऊन न्याव. चोरून नोको. चार मानसांत."

हे ऐकून खुशालरावाच्या कपाळाची शीर उडाली. पंचांना घेऊन वेचणाऱ्या बाईच्या दारी जायचं? गावात तोंड दाखवायला जागा राहील का? सुभद्रा चुलीपुढं बसून म्हणाली की तुम्ही येऊ नका, मी एकटी जाते. त्या आवाजापुढं त्याचं काही चाललं नाही. तो पागोटं बांधून निघाला, मात्र साऱ्या वाटेनं बैलांवर ओरडत होता.

तानुबाईचं अंगण सारवलेलं होतं. पाटील, जोशी, भाऊबंद बसायला घोंगडी होती, तीही शेजारची मागून आणलेली. गोवर्धनही आला, पोराला घेऊनच आला. न जाणो, कधी गरज पडेल. माणिकबाईनं सूप तानुबाईपुढं ठेवलं. सूप ठेवताना ज्वारी अंगणात सांडली आणि कोंबड्या धावल्या. तानुबाईनं खण डोक्याला लावला, मांडीवरच्या उकंड्याला उचललं, त्याच्या गालावर ओठ टेकवले आणि त्याला माणिकबाईच्या हातात दिलं. पुढं तिनं कुणाकडं पाहिलं नाही, कोंबड्या हाकलत राहिली.

सुभद्रा शेजारीच ओटी पसरून बसली होती. ठरलं होतं, घेतला की द्यायचा. मोरोपंत म्हणाले, हं. पुंजाराम म्हणाला, दे आता. माणिकबाईनं पोराला उराशी धरलं आणि तिचे हात काही सुटेनात. तिनं त्याच्या डोक्याचा वास घेतला. नाकावरच्या वणांवरून बोट फिरवलं. कानामागं बघितलं, तळपाय बघितले. पोराला हे सारं नवीन, तो अंग चोरून म्हणत होता, काकू, काय करतं?

महादेवराव पाटील चुळबुळले. गोवर्धन हळूच म्हणाला की असं थांबणं बरं नव्हे, आणि आपल्या पोराचा सदरा नीट केला. खुशालराव दात खाऊन बघत होता, बायकोनं एकदा हात पुढं करून पोरगा ओढून घ्यावा म्हणून. हात पुढं करायचं अंतरच किती होतं! पसरलेल्या ओटीचं टोक धरून धरून सुभद्रेची बोटं बधिर झाली. आता मागितला तर मिळेल, हे तिला दिसत होतं. माणिकबाई घाबरून देऊन टाकील. जळत्या घरातून लेकरू खिडकीबाहेर फेकावं तसा देईल.

माणिकबाईनं वर पाहिलं. "जाऊबाई, आजच्या दिस घरी नेऊ काय याले?"

सुभद्रेला वाटलं, आपण ऐकलंच नाही असं करावं. मग तिनं ओटीची टोकं सोडली, लुगडं सारखं केलं.

"तुहा हाये. घेऊन जाय," ती म्हणाली. "दिसाचं काई सांगू नोको मले."

परतीच्या वाटेवर खुशालराव बैलांवरसुद्धा ओरडला नाही. घरी आल्यावर गोवर्धनचा पोरगा एक गाठोडं घेऊन ओसरीवर येऊन बसला; कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही. सुभद्रेनं त्याला जेवायला वाढलं. पोरगा गरीब होता बिचारा, भाकरीचा तुकडा मागतानाही बापाच्या घराकडं बघत होता. त्याला वाढताना तिला रडू आलं, आणि आपण त्याच्यासाठी रडतोय असं समजून तो आणखी घाबरला. नदीपलीकडून काही सांगावा नव्हता. दुसरा दिवस गेला, तिसराही गेला. सुभद्रा माणसाला विचारायला पाठवत नव्हती आणि नदीच्या वाटेवरून नजरही काढत नव्हती. आपण हातानं घालवलं, असं मनात येई. लगेच दुसरं मन म्हणे, होतं कुठं आपलं. बहिरमबुवाला ती दोन्ही गोष्टी सांगत होती आणि बुवा हूं की चूं करत नव्हता.

शेवटची वेचणी चालली होती. खालच्या बोंडांतला कापूस, वाकून वाकून कंबर मोडणारा. सुभद्रेची ओटी कापसानं गच्च भरली होती, बाळंतपण जवळ आलेल्या बाईसारखी ती पाय फाकून चालत होती. बांधाशी खुशालराव गाडी भरून घेत होता. अमरावतीच्या बाजाराला दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. तानुबाईनं तिला कोपरानं ढोसलं आणि नदीकडं बोट केलं.

माणिकबाई येत होती. पोरगा कडेवर. कडेवर घ्यायचं त्याचं वय कधीच सरलं होतं, पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते, बाई घामानं भिजली होती, तरी तिनं त्याला खाली उतरवलेलं नव्हतं. ती ओळीत शिरली आणि सुभद्रेपुढं येऊन उभी राहिली. डोळे खोल गेले होते, पण चेहरा वेगळाच होता.

"निजला का नाकाशी बोट धरून बसत होती मी," ती म्हणाली. "रोज वाटे, आज देव नेतीन याले. न्हाऊ घातला, तेल लावलं, माह्या कुशीत घेतला. काकू मने, मंग काल माय मने. मोठ्यानं मने, अंगनातून. मले वाटलं आता गेला." तिनं पोराला कडेवर वर सरकवलं. "जित्ता हाये, जाऊबाई. माहा हाये अन् जित्ता हाये."

सुभद्रेनं मान हलवली. तिला कळलं, आपलं संपलं. अशा बाईकडं काय मागायचं आणि कोणत्या तोंडानं? तिला खरंच बरं वाटलं. ती वळून पुन्हा बोंडाला हात घालणार होती.

"त्या दिशी देल्ला असता तर भेऊन देल्ला असता," माणिकबाई म्हणाली. "माह्या हातून सुटावा मनून. थो वाईट हात होता, बाई. आज चांगल्या हातानं देतो. घे."

आणि तिनं कडेवरचा पोरगा पुढं केला. धरून ठेवायचं असतं तर तिला कुणी अडवणार नव्हतं, हे वावरातल्या प्रत्येक बाईला दिसत होतं. उकंडा एकीकडून दुसरीकडं बघत होता.

सुभद्रेनं ओटीची गाठ सोडली. सकाळपासून वेचलेला पांढराशुभ्र कापूस, त्या सालातला, ज्याच्या पेळूपेळूवर माणसांच्या नजरा होत्या, तो तिनं काळ्या मातीत ओतून दिला आणि रिकामी ओटी पसरून ढेकळांतच बसली. माणिकबाईनं पोरगा तिच्या ओटीत ठेवला. ना जोशी, ना पाटील, ना साखर. तानुबाईनं कपाळाला मातीचं बोट लावलं, आधी पोराच्या, मग एकेक करून दोघींच्या.

खुशालराव बांधावरून धावत आला, कापूस सांडला म्हणून. जवळ येऊन त्यानं पाहिलं. मग तो तिथंच उकिडवा बसला, मातीतला कापूस एकेक झटकून वेचू लागला, आणि वेचता वेचता पागोट्याच्या शेवानं डोळे पुसू लागला.